वाड्याच्या ३६० अंशांचा जमाखर्च

बडोद्याच्या दांडिया बाजार भागात आमच्या मंडळाचा एक जुना दुमजली वाडा आहे. सागवानी खांबांचा चौक, त्याच्या तिन्ही बाजूंना पडव्या, वर दिवाणखाना आणि मागे अंधारे माजघर अशी त्याची रचना असून गणेशोत्सवातील कीर्तने वर्षानुवर्षे याच चौकात होत आली आहेत. लाकडाला वाळवी लागल्यामुळे उत्सव आटोपताच मोठी दुरुस्ती हाती घ्यायची, असे विश्वस्तांनी २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवले. त्याआधी वाडा आज जसा आहे तसा, कीर्तन-आरतीसह, चहूबाजूंनी पाहता येईल अशा पॅनोरॅमिक व्हिडिओत उतरवून ठेवावा, असाही ठराव त्याच बैठकीत झाला. माझा व्यवसाय लग्नकार्यांच्या चित्रीकरणाचा असल्यामुळे अंदाजपत्रक करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. खजिनदारकाकांनी विचारले ते इतकेच : "कॅमेरा केवढ्याला पडतो, तेवढा आकडा दे. बाकीचं आपण घरच्या घरी करू."

तो आकडा मी त्यांना दुसऱ्याच दिवशी देऊ शकलो असतो, पण त्याने त्यांची दिशाभूल झाली असती. पॅनोरॅमिक चित्रणात कॅमेऱ्याची किंमत ही खर्चाची पहिली ओळ असते एवढेच. संगणक, साठवण, संकलनाचे सॉफ्टवेअर आणि प्रकाशयोजना यांवर किती पैसे जातील, हे प्रेक्षक शेवटी कशावर आणि किती बारकाईने पाहणार आहे यावरून ठरते. म्हणून मी अंदाजपत्रक शेवटाकडून सुरू केले आणि चित्रण कोण, कुठे, कशावर पाहणार हे आधी विश्वस्तांना विचारून घेतले. उत्तरे तीन आली. परदेशी गेलेली मुले-नातवंडे मोबाइलवर पाहतील, सभागृहातील मोठ्या टीव्हीवर अधूनमधून दाखवले जाईल, आणि एखाद्या प्रदर्शनात लोकांना डोळ्यांवर हेडसेट लावून दाखवता आले तर उत्तम.

यापुढचा हिशेब साधा असला तरी जाहिरातींत तो कोणी मांडून दाखवत नाही. पूर्ण गोलाकार दृश्य सपाट चौकटीत पसरवले की त्याची रुंदी ३६० अंशांची आणि उंची १८० अंशांची होते, म्हणजे चौकटीचे प्रमाण दोनास एक राहते. पाहणाऱ्याच्या पडद्यावर मात्र एका वेळी साधारण ९० अंशच येतात. ४के म्हणून विकल्या जाणाऱ्या ३६० व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल असतात आणि त्यांतले प्रेक्षकासमोर येतात जेमतेम ९६०, म्हणजे जुन्या डीव्हीडीपेक्षा थोडे बरे इतकेच. ५.७के मध्ये ५७६० चा चौथा भाग १४४० येतो, आणि ८के च्या ७६८० पिक्सेलांपैकी १९२० हाती लागतात, तेव्हा कुठे आपण ज्याला साधे फुल एचडी म्हणतो त्याची बरोबरी होते. हेडसेटमध्ये परिस्थिती आणखी अवघड असते. निरोगी डोळ्याला एका अंशात सुमारे ६० पिक्सेलांचा बारकावा कळतो असे धरतात, आणि ८के चित्रण एका अंशाला देते जेमतेम २१. हा तक्ता मी विश्वस्तांसमोर ठेवला, तेव्हा '८के म्हणजे चैन' हा त्यांचा समज आपोआप मागे पडला. खांबांवरचे कोरीव काम टीव्हीवर ओळखू यावे एवढी माफक अपेक्षा असली तरी ८के च्या खाली उतरून चालणार नव्हते.

किमतींचा शोध घेताना जुन्या माहितीने बराच घोळ घातला, कारण या क्षेत्रातील दर दहा वर्षांत ओळखू न येण्याइतके बदलले आहेत. नोकियाचा ओझो हा आठ भिंगांचा गोळा २०१५ च्या अखेरीस विक्रीसाठी खुला झाला, तेव्हा त्याची किंमत ६०,००० डॉलर होती. पुढच्या वर्षी ती ४५,००० वर आली आणि २०१७ मध्ये कंपनीने ते उत्पादनच थांबवले. गोप्रोने सोळा कॅमेरे एका चक्रावर बसवून केलेला ओडिसी १५,००० डॉलरचा होता. २०१८ चा सहा भिंगांचा इन्स्टा३६० प्रो २ सुमारे ५,००० डॉलरला आला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच कंपनीचा दोन भिंगांचा, खिशात मावणारा आणि ८के चित्रण करणारा एक्स४ अवघ्या ५०० डॉलरला बाजारात दाखल झाला. आमच्या एका विश्वस्तांनी कुठेतरी जुना लेख वाचला होता आणि 'हे काम लाखांत नाही, कोटीत जाते' असे ते बैठकीत ठामपणे सांगत होते. लेख लिहिला गेला त्या काळी तो चुकीचा नसावा.

प्रत्यक्ष निवडीसाठी पर्याय दोनच उरले. अहमदाबादहून सहा भिंगांचा कॅमेरा चालकासह भाड्याने आणायचा, किंवा दोन भिंगांचा लहान कॅमेरा विकत घ्यायचा. पहिला पर्याय कागदावर फार भारदस्त दिसत होता. त्यात त्रिमित चित्रण होते, दृश्याचा दर्जा वरचा होता आणि एक अनुभवी माणूस सोबत येणार होता. उत्सवातील दोन दिवसांचे भाडे लहान कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जात होते, शिवाय अनामत रक्कम वेगळी. पण भाड्याचा आकडा पाहून निर्णय घेण्याआधी मी एका व्यवसायबंधूकडून दोन भिंगांचा जुना ५.७के कॅमेरा मागून आणला आणि चौकात लावून पाहिला. त्या एका दुपारने पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दिली.

दोन भिंगांची दृश्ये जिथे जोडली जातात तिथे एक शिवण असते. भिंगे एकमेकांपासून थोडी दूर असल्यामुळे जवळची वस्तू दोघांना किंचित वेगळ्या ठिकाणी दिसते आणि शिवणीवर ती तुटते. आमच्या चौकातील खांब कॅमेऱ्यापासून फार तर हात-दीड हात अंतरावर येत होते. पहिल्या चित्रणात शिवण नेमकी एका खांबाच्या मधोमध पडली. त्या खांबाच्या बैठकीवरचे कमळ दुभंगले, वरच्या अर्ध्या भागातील नक्षी बोटभर डावीकडे सरकली, आणि जवळून गेलेल्या मुलाचा कोपर काही क्षण चक्क नाहीसा झाला. कॅमेरा स्वतःभोवती थोडा फिरवून शिवण दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेवर आणली, तेव्हा खांब अखंड दिसू लागला आणि जोड फक्त मागच्या भिंतीवर राहिला. ती भिंत दूर असल्याने जोड डोळ्याला कळत नव्हता. कॅमेऱ्याची काठीही दोन भिंगांच्या मधल्या पातळीत सरळ उभी ठेवली की चित्रातून आपोआप गाळली जाते. तिची सावली मात्र फरशीवर राहते, म्हणून दुपारचे ऊन चौकात उतरते ती वेळ टाळावी लागते.

या चाचणीनंतर सहा भिंगांच्या कॅमेऱ्याबद्दलचे माझे मत बदलले. त्याचा गोळा मोठा, म्हणून भिंगांमधले अंतरही जास्त, आणि भिंगे सहा म्हणून शिवणीही सहा. मैदानावर, राजवाड्याच्या प्रांगणात किंवा नवरात्रीच्या गरब्यात, जिथे माणसे कॅमेऱ्यापासून चांगली दूर असतात, तिथे तो उजवाच ठरेल. खांबांनी कोंडलेल्या आमच्या चौकात मात्र लहान कॅमेरा कमी पैशांत जास्त स्वच्छ जोड देत होता. त्यात साठवणीचा भार वेगळाच. प्रो २ ची सहाही भिंगे आपापल्या मायक्रोएसडी कार्डावर सेकंदाला १२० मेगाबिटपर्यंत नोंद करतात, म्हणजे तासाला ३२० जीबीच्या वर ऐवज जमतो, आणि सहांपैकी एक कार्ड रुसले तर गोलाचा तेवढा भाग रिकामा राहतो. त्रिमित दृश्याचा लाभ फक्त हेडसेट घालणाऱ्याला मिळणार होता, आणि मेटाच्या हेडसेटची त्या वेळी भारतात अधिकृत विक्रीही नव्हती. आयात करणाऱ्या दुकानदाराकडून, हमीशिवाय तो घ्यायचा हे मला पटेना. हेडसेटची ओळ मी अंदाजपत्रकातून काढून टाकली, आणि तिच्यासोबत भाड्याच्या कॅमेऱ्याचीही.

खर्च सर्वांत जास्त वाचवला तो मात्र एका वेगळ्याच विचाराने. विश्वस्तांच्या यादीत चौक, पडव्या, दिवाणखाना, माजघर, जिना, गच्ची असे सगळे काही व्हिडिओसाठी लिहिलेले होते. रिकाम्या माजघरात हलते काय? तिथे व्हिडिओ घेणे म्हणजे एकच चित्र सेकंदाला तीस वेळा साठवणे होय. अशा खोल्यांसाठी स्थिर पॅनोरमा पुरतो, आणि तो माझ्याकडे आधीपासून असलेल्या डीएसएलआरने घेता येतो. कॅमेरा भिंगाच्या दृष्टिकेंद्राभोवती फिरेल असा पॅनोरामिक हेड तिपाईवर बसवायचा, आजूबाजूची, वरची, खालची छायाचित्रे एकमेकांवर थोडी चढवून घ्यायची आणि हगिन या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ती जोडायची. अशा जोडणीतून आलेले चित्र सहज वीस हजार पिक्सेलांहून रुंद होते, म्हणजे ८के व्हिडिओच्या अडीच-तीन पट. माजघरातील कोनाड्यावर कुणीतरी फार पूर्वी गेरूने काढलेली स्वस्तिके त्यात बोटाने मोठी करून पाहता येतात. व्हिडिओत ती लालसर डाग एवढीच दिसली असती. संकेतस्थळावर हे पॅनोरमा फिरवून दाखवण्यासाठी पॅनेलम हे साधन आहे, तेही मोफत. पॅनोरामिक हेड मला एका छायाचित्रकार मित्राने वापरायला दिला. व्हिडिओ मग चौकातील कीर्तन, आरती आणि विसर्जनाची मिरवणूक वाड्याबाहेर पडते तो क्षण एवढ्यापुरताच उरला.

याच यादीत एका ताईंनी तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रेही जोडून घ्यावीत असे सुचवले होते. एकोणिसाव्या शतकातील ती चित्रे बडोद्याचे वैभव आहेत, यात शंका नाही. पण ती वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तिपाई लावून काम करायचे तर पूर्वपरवानगी लागते. उत्सवाआधी ती हाती येईल याची खात्री नव्हती, म्हणून तो विषय बाजूला ठेवला.

प्रकाशाचा मुद्दा लोकांना सर्वांत उशिरा पटतो. साध्या चित्रीकरणात दिवे चौकटीबाहेर उभे करता येतात. ३६० चित्रणात चौकटीला बाहेर नसतेच. स्टँड, वायर, रिफ्लेक्टर आणि स्वतः चित्रीकरण करणारा, सगळेच दिसतात. शिवाय एक्स४ सारख्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारे संवेदक (सेन्सर) अर्ध्या इंचाचे, म्हणून रात्रीच्या कीर्तनात समईच्या आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात चित्र दाणेदार होणार हे उघड होते. एक इंची संवेदकाचा रिकोचा थिटा झेड१ अंधारात सरस आहे, पण त्याचा व्हिडिओ ४के वरच थांबतो, म्हणजे पुन्हा तेच ९६० पिक्सेल. त्यामुळे महागडा कॅमेरा शोधण्याऐवजी चौकातील दिवेच बदलायचे ठरवले. पडव्यांच्या तुळयांवर पूर्वीपासून असलेल्या होल्डरमध्येच रंग खरे दाखवणारे, न लुकलुकणारे एलईडी बल्ब बसवले. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर बांधून ठेवले, म्हणजे दिव्यांचे पट्टे चित्रात सरकत नाहीत. सजावटीच्या दिव्यांच्या स्वस्त माळा तरीही लुकलुकल्याच असत्या, म्हणून गणपतीभोवती यंदा माळा नकोत अशी विनंती सजावट समितीला केली. ती मान्य करवून घेणे कॅमेरा निवडण्यापेक्षा कठीण गेले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझी भूमिका पहिल्यापासून सावध होती. एकेकाळी ३६० व्हिडिओ जोडायला कोलॉर या फ्रेंच कंपनीचे ऑटोपॅनो व्हिडिओ जगभर वापरले जाई. २०१५ मध्ये गोप्रोने ती कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिचे दार बंद झाले. ज्यांनी परवाने घेतले होते त्यांच्याकडे पुढे न सुधारणारे सॉफ्टवेअर तेवढे राहिले. गूगलची जंप ही सेवा सोळा कॅमेऱ्यांचे चित्रण आपल्या संगणकांवर जोडून देत असे; २०१९ मध्ये तीही आवरली. म्हणून मी दोन अटी ठरवल्या. जोडकाम झालेली अंतिम फाइल कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडली पाहिजे, आणि वर्गणी बंद केली तरी संकलनाचा प्रकल्प हातात राहिला पाहिजे.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एक सोय असते. भिंगांची मोजमापे फाइलमध्येच नोंदलेली असल्यामुळे कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर जोडकाम जवळजवळ आपोआप करते. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. त्यानंतर मात्र शीर्षके, रंगदुरुस्ती आणि तिपाईच्या जागी फरशीचा तुकडा बसवणे यांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर हवे होते. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मी रोज वापरतो आणि लग्नाच्या कामाला ती पुरून उरते. पण तिच्यातून ३८४० बाय २१६० पेक्षा मोठी फाइल बाहेर काढता येत नाही, आणि आम्हाला हवी होती ७६८० बाय ३८४० ची. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच घ्यावी लागते, दोन संगणकांवर चालते आणि गोलाकार चित्र सरळ करून त्यावर ठिगळ लावण्याची साधनेही तिच्यात आहेत. अॅडोबी प्रीमियरमध्येही ३६० ची साधने आहेत. मेटल या कंपनीची स्कायबॉक्स साधने अॅडोबीने २०१७ मध्ये विकत घेऊन त्यात घातली. एका सॉफ्टवेअरची वर्गणी तेव्हा महिना २३ डॉलरच्या घरात होती, म्हणजे वर्षभरात रिझॉल्व्हच्या आयुष्यभराच्या परवान्याएवढे पैसे गेले असते. सहा महिन्यांचेच काम असते तर वर्गणी स्वस्त पडली असती. वाड्याच्या दुरुस्तीला दोन-तीन वर्षे लागणार आणि मधूनमधून फाइली उघडाव्या लागणार, हे लक्षात घेऊन मी परवाना घेतला. सभागृहातील टीव्हीसाठी गोलातून साधे सपाट दृश्य कापून काढायला आज्ञा टंकून चालवायच्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधील व्ही३६० हे फिल्टर वापरले. ते मोफत आहे; आज्ञा मात्र अक्षर-अक्षर तपासून टंकाव्या लागतात.

संगणकावरचा खर्च कोणालाच आवडला नाही. माझ्या संकलनाच्या यंत्राने एचडी आणि ४के ची कामे बिनतक्रार केली होती, पण ८के च्या एच.२६५ या दाबून लहान केलेल्या स्वरूपातील फाइलपुढे ते अडखळू लागले. जोडलेले दृश्य एकदम उत्तम दर्जाच्या प्रोरेस ४२२ या संकलनासाठीच्या फाइल-स्वरूपात काढून ठेवावे असे सल्ले बरेच मिळतात. त्याचा हिशेब केला तेव्हा तासाभराच्या चित्रणाला नऊशे जीबीच्या वर जागा लागणार असे दिसले. मूळ कॅमेरा फाइल सेकंदाला २०० मेगाबिट दराने तासाला फक्त ९० जीबी घेते. म्हणून मूळ फाइली तशाच जपून ठेवायच्या, कापाकापी लहान प्रतींवर करायची आणि शेवटी एकदाच ८के मध्ये काढायचे अशी पद्धत बसवली. त्यामुळे नवे यंत्र घेणे टळले आणि वाढीव मेमरी व बारा जीबीचे एक मधल्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड यांवर भागले. अंतिम फाइल निघायला रात्रभर लागते हे मान्य करून मी काम रात्रीच लावू लागलो.

डिस्क किती घ्याव्यात, या प्रश्नाचा निकाल विश्वामित्री नदीने लावला. मी चार टीबीची एक बाह्य डिस्क पुरेशी धरली होती आणि खजिनदारकाकांना तीसुद्धा जास्त वाटत होती. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पूर आला, शहराचे मोठमोठे भाग पाण्याखाली गेले आणि आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आले. माझी संकलनाची खोली तळमजल्यावर आहे. संगणक, डिस्का आणि लग्नांच्या जुन्या नोंदी डोक्यावरून वरच्या मजल्यावर न्यायला स्वतः काकाच आले होते. त्यानंतर दुसरी डिस्क आणि ती दुसऱ्या भागातील विश्वस्ताच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर ठेवण्याची व्यवस्था यावर चर्चाच झाली नाही.

ध्वनीवर मी नवा खर्च केला नाही. मान फिरवली की आवाजाची दिशाही फिरावी यासाठी चार माइकांचा खास रेकॉर्डर मिळतो आणि यूट्यूब तसा ध्वनी स्वीकारतेही. परंतु नारदीय कीर्तनात कानाला हवे असतात ते बुवांचे शब्द, पेटी आणि तबला, आणि ते माझ्या नेहमीच्या कॉलर माइकवर आणि रेकॉर्डरवर व्यवस्थित येतात. टाळ्यांचा आणि 'पुंडलिक वरदा'चा गजर मागून आला असता तर बहार आली असती, हे मात्र कबूल करायला हवे.

आता आकडे. कॅमेरा, काठी, जड बैठक आणि जादा बॅटऱ्या मिळून ६३,००० रुपये झाले. त्यात नुसता कॅमेरा बावन्न हजारांच्या आसपास होता. वेगाची हमी देणारी २५६ जीबीची दोन कार्डे ६,०००, मेमरी व ग्राफिक्स कार्ड ३७,०००, दोन डिस्का २०,०००, बल्ब आणि वायरिंगची किरकोळ कामे ८,००० आणि संकलनाचा परवाना २५,००० रुपये अशी बेरीज एक लाख एकोणसाठ हजारांवर गेली. म्हणजे ज्या आकड्याने चर्चेला सुरुवात झाली तो एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका निघाला, आणि माझे श्रम यात धरलेले नाहीत.

एवढी रक्कम मंडळाने भरावी का, यावर मी स्वतःच वेगळा प्रस्ताव दिला. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी २०१९ च्या आरंभापासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला असला, तरी १८ टक्के ही लहान रक्कम नव्हे. माझा व्यवसाय नोंदणीकृत असल्यामुळे हा कर मला वजावटीत मिळतो. मंडळाची नोंदणी नसल्याने त्यांच्या नावे खरेदी झाली असती तर तो पूर्ण अंगावर पडला असता. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणक आणि सॉफ्टवेअरवर वर्षाला ४० टक्के आणि कॅमेऱ्यावर १५ टक्के घसारा मला धरता येतो. त्याहून महत्त्वाचे असे की उत्सवानंतर मंडळाच्या कपाटात कॅमेरा नुसता पडून राहिला असता, तर माझ्याकडे तो लग्नमंडपात, बांधकामाच्या जागी कमावता राहील. तेव्हा कॅमेरा, संगणकाचे भाग आणि परवाना मी माझ्या नावे घेतला, आणि कार्डे, डिस्का व दिवे यांचे ३४,००० रुपये व श्रमांचे ठरावीक मानधन मंडळाने द्यावे असे ठरले. व्यवसाय नसलेल्या मंडळाने अशी उपकरणे विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत घ्यावीत ती कार्डे आणि डिस्का, कारण जपायचे ते त्यांच्यातच असते.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. कीर्तनाच्या दिवशी कॅमेरा श्रोत्यांच्या पहिल्या रांगेच्या पुढे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला आणि शिवण डाव्या-उजव्या पडव्यांच्या मोकळ्या कमानींवर सोडली. ८के मध्ये एक बॅटरी दोन तासांचे कीर्तन पुरे करू शकत नाही आणि पॉवर बँकेची वायर फरशीवर सापासारखी दिसते, म्हणून बॅटरी बदलण्यासाठी पूर्वरंग संपून बुवांना बुक्का लावतात आणि हार घालतात तो वेळ राखून ठेवला होता. तेवढ्यात उत्तररंगाचे आख्यान सुरू झाले असते तर पंचाईत होती, पण बुवांना आधी सांगून ठेवल्याने ते हार गळ्यात घेऊन दोन शब्द जास्त बोलले. आरतीच्या वेळी लोक कॅमेऱ्याला खेटून उभे राहिले आणि शिवणीवर काही खांदे तुटले. ते तुकडे संकलनात गाळले.

अर्ध्या तासाची निवडक फाइल १०० मेगाबिट दराने काढली, ती साडेबावीस जीबीची झाली. वर चढवण्याचा वेग ५० मेगाबिट असलेल्या माझ्या जोडणीवरून ती यूट्यूबवर जायला तास लागला. फाइलमध्ये गोलाकार दृश्याची खूण घालून दिली नाही तर यूट्यूब ती सपाट, ताणलेल्या नकाशासारखी दाखवते. ही खूण घालणारे गूगलचे छोटे साधन मोफत आहे आणि फाइल चढवण्याआधी ती तपासणे मी कधी चुकवत नाही. पहिले काही तास फक्त कमी दर्जाची आवृत्ती दिसते. एका काकूंचा ह्यूस्टनहून लगेच फोन आला की सगळे धूसर आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला आणि मोबाइलमध्ये दर्जा हाताने निवडायला सांगितले.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर त्याच ठिकाणावरून पुन्हा चित्रण करायचे विश्वस्तांनी ठरवले आहे. चौकातील फरशी उखडली जाणार असल्यामुळे तिच्यावर खूण करण्यात अर्थ नव्हता; तिपाईची जागा चारही कोपऱ्यांतील खांबांच्या दगडी बैठकींपासून फुटपट्टीने मोजून आणि भिंगाची उंची लिहून ठेवली आहे, शटर आणि दिव्यांचे तपशीलही त्याच पानावर आहेत. त्या कामाचे अंदाजपत्रक खजिनदारकाकांनी या वेळी स्वतःच लिहून आणले. त्यात कॅमेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा सोडला असून दोन नव्या डिस्का सर्वांत वर लिहिल्या आहेत.